आवाहनानंतरचे आसन

लहानपणी घरच्या गणपतीच्या पूजेला बसलो की मला एक कोडे पडत असे. गुरुजी आवाहनाच्या अक्षता वाहायला लावीत आणि त्या मूर्तीवर पडतात न पडतात तोच आसनाच्या अक्षता मागत. देवाला नुकतेच बोलावले आहे, तो आला की नाही याचीही खात्री नाही, आणि इतक्यात ही बसण्याची घाई कशाला? एकदा मी वडिलांना विचारले. ते म्हणाले, "अरे, पाहुण्याला हाक मारली की आधी पाट मांडायचा असतो. दारात उभं ठेवायचं नसतं." षोडशोपचारांत आवाहन पहिले आणि आसन दुसरे, त्या दोहोंच्या मध्ये तिसरे काही नाही. आसनाचे मोल या पत्राच्या गोमंतकीय वाचकांना मी काय सांगावे? सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला न्यावी लागली, तेव्हा भक्तांची पहिली चिंता देवाला बसवायचे कोठे हीच असणार.

हे सारे आज आठवण्याचे कारण म्हणजे एक निराळेच आवाहन. ते देवाला केलेले नव्हते, स्त्रियांना केलेले होते. आणि मंत्रांनी केलेले नव्हते, भिंतीवर चिकटवलेल्या रंगीत कागदाने केलेले होते.

मी भैंसा येथे वकिली करतो. हे गाव १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या नांदेड जिल्ह्यात होते. भाषावार प्रांतरचनेत ते आदिलाबाद जिल्ह्यात गेले, आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. गाव जागचे हलले नाही, पण त्याचे पत्ते बदलत गेले. आमच्या घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि उर्दू, आणि जमिनीचा एक तुकडा अजून सीमेपलीकडे धर्माबादेच्या बाजूला, अशी आमची स्थिती. त्या तुकड्याच्या वाटणीचे काम २००६ साली निघाले. मला सनद मिळून फार दिवस झाले नव्हते. आजोबांच्या धाकट्या बहिणीचे, म्हणजे आमच्या आक्कांचे, एक शपथपत्र करावयाचे होते. मी ते मोठ्या ऐटीने तयार केले आणि ओसरीवर बसून त्यांना वाचून दाखवू लागलो : "वय ८४ वर्षे, व्यवसाय काही नाही, राहणार भैंसा…"

आक्कांनी हात वर करून मला थांबवले. "काही नाही, असं लिहिलंस?"

मी म्हटले, "आक्का, तसंच लिहितात. ती रीत आहे."

"बरोबर आहे रे," त्या म्हणाल्या. "एकदा लिहायचं होतं काहीतरी. राहून गेलं."

मग त्यांनी जे सांगितले ते घरात तोवर कोणी ऐकलेले नव्हते.

आक्का एकोणिसाव्या वर्षी विधवा झाल्या आणि माहेरी परत आल्या. आजोबा त्या वेळी पुण्याला लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकून होते. १९४३ साली आजीचे बाळंतपण आले, तेव्हा त्या मदतीला पुण्यास गेल्या. एके सकाळी कॅम्पाच्या वाटेवर त्यांना एका भिंतीवर मोठे चित्र दिसले. पांढऱ्या वस्त्रातील एक स्त्री, तिच्यामागे डोक्याला पट्टी बांधलेला एक शिपाई, आणि खाली परिचारिका होण्याचे आवाहन. इतक्या वर्षांनीही आक्कांना त्यातील अक्षरे आठवत नव्हती. आठवत होते ते निराळेच.

"तिच्या कपाळाला कुंकू नव्हतं," आक्का म्हणाल्या. "हातात बांगडी नव्हती. आणि येणारे जाणारे मान वर करून तिच्याकडे बघत होते. मला वाटलं, अशी बाईसुद्धा भिंतीवर लावतात!"

तीन दिवस त्या वाट वाकडी करून ते चित्र पाहून आल्या. चौथ्या दिवशी त्यांनी भावाजवळ विषय काढला. आजोबा काही दुष्ट नव्हते. त्यांनी शांतपणे तीन कारणे सांगितली. एक, हे सरकारचे युद्ध. ऐन चळवळीच्या दिवसांत घरची मुलगी त्यांच्या सेवेत गेली तर चार माणसे काय म्हणतील? (स्वतः ते त्याच युद्धाचा जमाखर्च लिहीत होते, परंतु पुरुषाची नोकरी ही नोकरी असते, तिला मत नसते.) दोन, रात्रीची पाळी. आणि तीन, "आपल्या घरातल्या बायका परक्या पुरुषांचं मलमूत्र काढायला जात नाहीत."

"मी म्हटलं, दादा, वहिनीचं आणि बाळाचं सगळं मी काढतेच आहे की. तर म्हणाला, ते घरचं."

आक्का भैंशाला परतल्या. पुढची साठाहून अधिक वर्षे घरातील प्रत्येक बाळंतपण, प्रत्येक हिवताप, पणजीचा अर्धांगवायू, हे सारे त्यांच्या हातून गेले. आजोबांची अखेरची दीड वर्षे अंथरुणात गेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवीत त्या रात्री काढीत. हे कोणी त्यांना शिकवले नव्हते. शपथपत्रात मात्र मी 'व्यवसाय काही नाही' असेच ठेवले. कारण कायद्याच्या दृष्टीने तेच खरे होते.

आक्का गेल्यानंतर मी युद्धकाळातील अशी भित्तिपत्रके पुस्तकांतून आणि संग्रहालयांच्या छापील प्रतींतून पाहू लागलो. १९१५ च्या सुमारास इंग्लंडात जॉइस डेनिस या चित्रकर्तीने स्वयंसेवी परिचारिकांसाठी काढलेले पत्रक प्रसिद्ध आहे; त्यात परिचारिकांबरोबर स्वयंपाकिणी आणि लेखनिक यांचीही तातडीने निकड असल्याचे म्हटले होते. त्याच युद्धात अमेरिकेत अलोंझो फोरिंजरने रेडक्रॉससाठी एक चित्र काढले. त्यात परिचारिका एका विशाल मातेसारखी बसली आहे आणि तिच्या हातांत स्ट्रेचरवरचा जखमी शिपाई तान्ह्या बाळाएवढा दिसतो. मेरीच्या मांडीवरील ख्रिस्ताचे शिल्प ज्यांनी पाहिले असेल त्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. आपल्याकडे देवीच्या मूर्तीत आणि आईत जो भाव आपण एक करतो, तोच तेथे युद्धाच्या कामाला जुंपलेला होता.

या पत्रकांत मातेची माया आहे, शुभ्र वस्त्र आहे, लाल क्रॉस आहे. त्यांत नसते ते सांगण्यास वकिलाची नजर लागते. पगार किती, हुद्दा कोणता, मुदत किती, राहण्याची सोय काय, लग्न केल्यास काय, युद्ध संपल्यावर काय? करारपत्रातील जी कलमे आम्ही प्रथम वाचतो, ती चित्रात कोठेच नसतात. चित्र हाक मारते आणि गप्प बसते.

अर्थात सर्वत्र असे झाले नाही. १९४३ सालीच अमेरिकेत फ्रान्सेस बोल्टन या महिला प्रतिनिधीच्या पुढाकाराने एक कायदा झाला. त्यायोगे परिचर्या शिकू इच्छिणाऱ्या मुलींचा शिक्षणाचा खर्च, पुस्तके, गणवेष आणि दरमहा भत्ता सरकारने पत्करला, आणि वंशावरून भेदभाव करू नये असेही त्यातच लिहिले. त्या योजनेच्या भित्तिपत्रकांवरील तरुणी मायेचा पुतळा नव्हे, पुढे भवितव्य असलेली विद्यार्थिनी होती. सव्वा लाखाच्या जवळपास मुली त्यातून परिचारिका होऊन बाहेर पडल्या. तेथे आवाहनामागे पाट मांडलेला होता.

आपल्या देशात त्या वेळी काय स्थिती होती? १९४२ च्या मार्चमध्ये रंगून पडले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून जखमींची आणि हिवतापाने खंगलेल्यांची रीघ लागली. लष्करी परिचर्या सेवा १९२६ पासून स्थायी होती, परंतु ती अपुरी पडू लागली. म्हणून १९४२ साली साहाय्यक परिचर्या दल उभारले गेले, आणि स्त्रियांना हाका सुरू झाल्या. त्या हाकांना ओ देणाऱ्यांत ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मुली पुढे होत्या. आपल्या घरांतील मुली फारशा नव्हत्या, आणि त्याचे कारण देशभक्ती एवढेच होते असे म्हणणे म्हणजे स्वतःला फसवणे होय. आपण ज्याला सेवा म्हणून वंदन करतो तीच सेवा हाताने करावयाची झाली की तिला विटाळ म्हणतो. सुईणीचे काम आपण पिढ्यानुपिढ्या ज्यांच्यावर सोपवले त्यांना आपण ओटीवर बसवले नाही, हे कोणाला ठाऊक नाही?

या गोष्टीचे मर्म युद्धाच्या कितीतरी आधी पुण्यातच एका बाईने ओळखले होते. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले आणि विधवांना व परित्यक्तांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवले. त्यांनी भिंती रंगवल्या नाहीत. त्या घरोघर गेल्या, वडीलधाऱ्यांशी बोलल्या, आणि मुख्य म्हणजे मुलींच्या राहण्याची, जेवणाखाण्याची, सोबतीची व्यवस्था लावली. त्या काळची एक आठवण सांगितली जाते. संस्थेच्या वार्षिक समारंभात परिचर्या शिकणारी एक केशवपन केलेली विधवा बक्षीस घेण्यास उठली, तेव्हा प्रेक्षकांतील तरुण विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो केली. रमाबाई उठल्या. तुमच्यापैकी कोणाच्या घरी विधवा बहीण, आत्या किंवा मावशी नाही काय, असे त्यांनी भरल्या आवाजात विचारले. सभा चिडीचूप झाली. माझ्या मते त्या प्रश्नाने जे केले ते शंभर पत्रकांनी झाले नसते. कारण तो प्रश्न प्रत्येकाच्या ओसरीवर जाऊन बसला.

आणि ज्यांना कोणीच बोलावले नाही अशांचेही स्मरण ठेवले पाहिजे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले पुण्याबाहेर, मुलगा डॉ. यशवंत याच्या उपचारकेंद्रात रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. प्लेग झालेल्या एका मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर वाहून आणले, त्यातच त्यांना संसर्ग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्यासाठी भिंतीवर कागद लागला नव्हता.

युद्ध संपले आणि १९४६ साली आरोग्याची पाहणी करणाऱ्या समितीचा अहवाल बाहेर आला. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकचे. त्या अहवालाप्रमाणे देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या. म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. विलायतेत हेच प्रमाण ३०० माणसांमागे एक असे होते. हे आकडे वाचताना मला आक्का आठवतात. ७,००० च्या जागी ७,००१ झाल्या असत्या, एवढाच काय तो फरक! पण आक्कांसारख्या किती घरांतून किती जणी 'ते घरचं' या दोन शब्दांपाशी अडल्या असतील, त्यांची मोजदाद कोणत्या समितीने करावी?

आता माझ्या धंद्याची एक गोष्ट सांगतो. वाचकांनी कंटाळू नये. १९४३ साली लष्करी परिचर्या सेवेसाठी एक वटहुकूम निघाला. वटहुकूम हा तात्पुरता असतो अशी आपली समजूत आहे, आणि एरवी तो सहा महिन्यांत संपलाही असता. पण विलायतेच्या पार्लमेंटने १९४० साली युद्धापुरती ती मुदतीची अट काढून टाकली होती, म्हणून त्या काळात निघालेले वटहुकूम रद्द होईपर्यंत जिवंत राहिले. स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके ही सेवा त्याच वटहुकुमावर चालत आली. घाईघाईने हाक मारताना जो तात्पुरता पाट टाकला होता, तोच कायमचा झाला.

त्या पाटाचा एक पाय मात्र लंगडा होता. १९७७ च्या एका लष्करी सूचनेप्रमाणे परिचर्या सेवेतील अधिकारी स्त्रीने विवाह केल्यास तिची नोकरी संपुष्टात येई. १९८८ साली एका परिचारिका अधिकाऱ्याला याच कारणाने घरी पाठवण्यात आले. सूचना १९९५ साली मागे घेतली गेली, पण त्या बाईंचा लढा चालूच होता. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, लग्न केले म्हणून स्त्रीला नोकरीतून काढणे हे उघड मनमानीचे आणि भेदभावाचे आहे असे ठरवून त्यांना ६० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. छत्तीस वर्षे! निकाल वाचून मी खुर्चीत बराच वेळ बसून राहिलो. माझ्या आक्का विधवा होत्या म्हणून त्या चित्राकडे वळल्या. या बाई सौभाग्यवती झाल्या म्हणून त्या चित्रातून खाली उतरवल्या गेल्या. कुंकू नसले तर घर जाऊ देत नाही, कुंकू लागले तर सेवा राहू देत नाही. मग या बाईने बसायचे तरी कोठे?

हे जुन्या काळचे झाले, असे कोणी म्हणेल. परंतु २०२० चे दिवस आपण सर्वांनी पाहिले. ३ मे रोजी सैन्याच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुले उधळली. आणि त्याच सुमारास कित्येक शहरांत परिचारिकांना खोली रिकामी करा म्हणून सांगणारे घरमालकही निघाले. तेव्हा २२ एप्रिलला सरकारला पुन्हा एक वटहुकूम काढावा लागला, आणि आरोग्यसेवकांच्या राहण्याच्या जागी त्यांना दिलेला त्रास हाही गुन्हा ठरवावा लागला. ती दुरुस्ती ज्या कायद्यात झाली तो साथरोगांचा कायदा १८९७ चा. ज्या साली सावित्रीबाई गेल्या त्याच सालचा. वरून पुष्पवृष्टी आणि खाली दाराला कडी, अशी ही आपली पूजा!

इथवर मी वाचकांशी न्यायाधीशाच्या आसनावरून बोललो. आता आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले पाहिजे.

माझी मुलगी यंदा इंटर उत्तीर्ण झाली. २०२१ साली माझे वडील नांदेडच्या एका रुग्णालयात अकरा दिवस होते. आम्हाला आत जाता येत नव्हते. रोज रात्री तेथील एक परिचारिका फोन करी, तो वडिलांच्या कानाला लावून धरी, आणि शेवटी सांगे की आजोबांनी आज दोन घास जास्त खाल्ले. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. तिने त्या बाईंना कधी पाहिले नाही; केवळ आवाज ऐकला. या उन्हाळ्यात ती म्हणाली, "बाबा, मला नर्सिंगला जायचंय."

मी वकील आहे. मी पुढची तारीख दिली. "पाहू," म्हणालो. दुसऱ्या तारखेला म्हणालो की फिजिओथेरपीचा विचार कर. तिसऱ्या तारखेला रात्रपाळीचा मुद्दा काढला. चौथ्या तारखेला माझ्याजवळचे मुद्दे संपले, तेव्हा म्हणालो, "आपल्या घरात हे कोणी केलेलं नाही."

ती म्हणाली, "आक्काआजींनी केलं ना आयुष्यभर."

आणि माझ्या तोंडून शब्द गेले, "अगं, ते घरचं."

ओसरीवर वडील बसले होते. १९४३ साली पुण्यास ज्याच्या बाळंतपणासाठी आक्का गेल्या होत्या, ज्याचे दुपटे धुताना त्यांनी ते चित्र मनात घोळवले होते, ते बाळ म्हणजे हे माझे वडील. आक्कांनी मला सांगितलेली गोष्ट मी त्यांना पूर्वीच सांगितली होती. त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "तुझ्या आजोबांचा आवाज तुझ्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं." आणि थोड्या वेळाने, "तिचा फॉर्म आण. तू सही करत नसशील तर मी करतो."

सही मीच केली. अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना होता. तेथे 'वकिली' असे लिहिताना माझा हात क्षणभर थांबला. आक्कांचे ते शपथपत्र धर्माबादेच्या दप्तरात कोठेतरी असेल. त्यात दुरुस्ती करण्याची मुदत केव्हाच टळली आहे, आणि ज्यांच्या वतीने दुरुस्ती मागायची त्या हयात नाहीत. ती चूक आता माझ्या नावावरच राहणार.

काल वसतिगृहाची यादी आली. गादी, दोन चादरी, बादली, कुलूप, पांढरे बूट. मुलीची आई यादीवर खुणा करीत बसली आहे. जाण्यापूर्वी बासरला सरस्वतीच्या दर्शनाला जाऊन यावे असे ठरले आहे. मुलीचा अक्षराभ्यास तेथेच झाला होता. बुटांचा जोड भैंशाच्या बाजारात तिच्या मापाचा मिळाला नाही. उद्या मी त्यासाठी नांदेडला जाणार आहे.